डाव्या चाकावरचा हात

प्रीतमनं गाडी घेतली ती तिसऱ्या हातची, आणि तिची चाकं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दाराला पोचे, एक आरसा चिकटपट्टीवर तग धरून, मागच्या सीटचा फोम उंदरांनी चाखलेला. खाली मात्र कुण्या हौशी मालकानं बसवलेली अलॉयची रुंद पात्यांची चाकं. गाडीबाजारातल्या दलालानं तीच पुढं करून गाडी विकली होती आणि प्रीतम त्यांनाच भुलला होता. साधनानं नवऱ्याला दोन दिवस टोमणे मारले, तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडीला लिंबू-मिरची बांधली.

गाडीला पहिलंच भाडं मिळालं ते लग्नाचं. आप्पाराव म्हणून चुडाव्याकडचे एक गृहस्थ होते, परभणीत लेकीसाठी स्थळ बघितलेलं, पण लग्न गावी. खरेदीसाठी इथल्या नातेवाइकांकडं आलेल्या नवरीला चुडाव्याला न्यायचं होतं. आप्पारावांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पोचे बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले.

"हे काय लागलंय?"

"निघून जाईल की, आप्पा. धुवायचीच हाय गाडी."

"नवरी बसणार हाय बाबा हिच्यात. असला डाग न्हाई चालायचा. निघाला तर फोन कर, न्हाई तर मी दुसरी बघतो."

पहिलंच गिऱ्हाईक हातचं गेलं तर पुढचं कोण येणार, ही धास्ती घेऊन प्रीतम सकाळीच चाकाशी बसला. घर त्यांचं शहराच्या कडेला, पिंगळीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत. पुढं मोकळं अंगण, एक लिंबाचं झाड, त्यापलीकडं नुसती ढेकळं आणि ऊन. गाडी लावायची त्याची एक पक्की सवय होती, तोंड भिंतीकडं. गाडीचं तोंड घराकडं असावं, रस्त्याकडं असलं की ती निघायचीच गडबड करते, असं तो हसत म्हणायचा.

गाडी सजवायच्या दुकानातून त्यानं चाकं धुवायचा फवारा आणला होता. तो मारला की ब्रेकची जुनी काळी भुकटी जांभळी होऊन ओघळते. उजवीकडची दोन्ही चाकं जांभळी ओघळली आणि आरशासारखी निघाली. मागचं डावंही निघालं. पुढच्या डाव्या चाकावर मात्र फवारा नुसता पाण्यासारखा खाली गेला. मधोमध, रुंद पात्यावर, तो तपकिरी-पिवळा डाग होता तसाच.

मग रॉकेल झालं. लिंबू-मीठ झालं. चिंचेचा कोळ झाला. तारेची घासणी घ्यायला निघाला तसा साधनानं त्याचा हात धरला. "ओरखडे पडतील. सरका, मी बघते." तिनं कपड्याचा साबण ओला केला आणि डागावर फिरवला.

डाग लालभडक झाला.

प्रीतम मागं सरकला. फेस लाल होऊन तिच्या मनगटावरून कोपराकडं निघाला होता. साधनानंही क्षणभर साबण बाजूला धरला, मग ती हसली. "घाबरताव काय? हळद हाय ही. साबण लागला की हळद लालच व्हती. तुमच्या शर्टाला वरणाचा डाग पडला की मी रोजच बघते."

तिनं पाणी ओतलं. लाल वाहून गेलं, पिवळं राहिलं. पण ओल्या चाकावर आता त्या डागाला आकार आला होता. तळवा. अंगठा. तीन बोटं. करंगळीच्या जागी काहीच नव्हतं, तिथं तळव्याची कड सरळ तुटल्यासारखी संपत होती.

साधनाचं हसू तिथंच मावळलं.

तिच्या माहेरी ऊसतोडीला जाणाऱ्यांत एक रीत होती. दिवाळीच्या तोंडावर टोळी निघाली की मागं राहणारी बाई ट्रॅक्टरच्या पुढच्या डाव्या चाकावर ओल्या हळदीचा हात उठवायची. ज्या दारातून चाक गेलं, त्याच दारात ते परत यावं म्हणून. आणि चाक परत आलं की तीच बाई, त्याच हातानं, तांब्याभर पाण्यानं तो पंजा धुवायची. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. साधनाची आई एका वर्षी तापानं अंथरुणाला खिळली होती, त्या वर्षी हात उठवायचा राहिला. त्याच वर्षी ट्रॉली उलटून साधनाचा बाप फडातच गेला. तेव्हापासून घरातलं माणूस चाकावर बसून निघालं आणि चाकाला हळद नाही, असं तिनं कधी होऊ दिलं नाही. प्रीतम थट्टा करायचा, पण चाक पुढं करायचा.

म्हणजे हा कुणाचा तरी न धुतलेला हात होता. कुणीतरी या गाडीला निरोप दिला होता, आणि गाडी त्या दारात परत गेलीच नव्हती.

हे ती नवऱ्याला बोलली नाही. बोलून काय, तो हसला असता, आणि भाडं तर हवंच होतं. ती एवढंच म्हणाली, "हळदीला ऊन हेच औषध. चाक उन्हाकडं करून ठेवा. सांजपतुर डाग उडून जाईल."

परभणीचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय ते परभणीकरालाच ठाऊक. वाळत घातलेलं रंगीत पोलकं दोन दिवसांत पांढरं होतं. चाक दिवसभर त्या उन्हात भाजत राहिलं. संध्याकाळी साधना बघायला गेली तर चाकाला हात लाववेना, आणि डाग सकाळच्यापेक्षा गडद झालेला. ती वाकली. वास आला. नुकतीच कालवलेली, ओली हळद... पाण्याचा गारवाही त्या वासात होता. तिनं भीत भीत बोट टेकवलं. डाग कोरडा ठणठणीत होता, पण बोटाचं टोक पिवळं झालं.

रात्री प्रीतम रडकुंडीला आला. तेव्हा साधनालाच युक्ती सुचली, आणि सुचली तशी ती तिला फार शहाणपणाची वाटली. "अवो, लग्नाचीच गाडी ना? मी सकाळी त्याच्यावरच माझा हात उठवते. वर कुंकवाचं बोट लावते. बघणाऱ्याला वाटंल मुद्दामच केलंय. शुभच दिसंल. अन् तसंही मी तुमाला हळदीबिगर जाऊ देणार हाय का?"

प्रीतमनं खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली. साधनाही खूश झाली. तिचा हात मोठा, तो पंजा लहान. झाकून जाईल. बाई जिवंत असो नसो, तिची वाट बघणं झाकून जाईल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो लगेच झटकला.

सकाळी तिनं वाटीत हळद कालवली, उजवा तळवा बुडवला आणि डागावर बरोबर बेतून दाबला. तळव्याला काहीतरी लागलं. अलॉयचं पातं थंडगार असायला हवं होतं त्या वेळी. ते कोमट होतं, माणसाच्या अंगाइतकं. तिनं हात काढला. पंजा सुरेख उठला होता, जुन्या डागाचा मागमूस नाही. प्रीतम पांढरा शर्ट घालून, भांग पाडून निघाला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती.

दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला. नवरी पोचली, आप्पाराव लय खूश, सगळ्यांनी चाकावरच्या हळदीचं कौतुक केलं. "फक्त गाडी डावीकडं ओढायलीय गं. स्टेअरिंग सोडलं की डावीकडंच जायलीय. चाकं बघून घ्यावी लागतील."

"जेवून लगीच निघा," ती म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं तशी लक्ष्मीबाई आल्या. या प्रीतमच्या सख्ख्या आत्या, पिंगळीच्या, उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. ताकाची बरणी खाली ठेवली आणि पाण्याचा तांब्या घेताना त्यांची नजर साधनाच्या पिवळ्या तळव्यावर गेली.

"प्रीतम गाडी घेऊन गेलाय वाटतं?"

साधनाला कुणाला तरी सांगायचंच होतं. तिनं डागाची सगळी गोष्ट सांगितली, शेवटी आपली युक्तीही सांगितली, जरा मिरवूनच. लक्ष्मीबाईंनी तांब्या ओठाला लावलेला होता. तो तसाच खाली आला.

"दुसऱ्याच्या हातावर हात ठिवलास?"

"झाकून टाकला, आत्याबाई."

"झाकून जात न्हाई ते, बाई. तू हात दिलास तिला." म्हातारी हलक्या आवाजात बोलत होती, जणू अंगणात कुणी ऐकत होतं. "तिचं चाक रस्ता इसरलं व्हतं. परक्या हातांतून गेलं, कुणाच्या दारात थांबलं, भुललं. आता वरून ताज्या हळदीनं तूच त्याला सांगितलंस, परत जा म्हणून. एका चाकावर दोन हात झाले की ज्याची वाट जुनी, त्याच्याकडं चाक जातंय."

"मग आता?"

"आता एकच. तिनं धुवायच्या आदी प्रीतम तुझ्या दारात यायला पायजे. तिनं पंजा धुतला... की माणूस तिच्याकडं परत आला."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. साधनानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाहेर टळटळीत दुपार होती, लिंबाची सावली बुंध्याशी गोळा झालेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी घराबाहेर पडू नये म्हणून लहानपणी आई तिला आत ओढायची. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"अवो, कुठं हाव?"

"हाय वाटंतच." प्रीतमचा आवाज सुस्तावलेला होता, जेवून लवंडलेल्या माणसासारखा. "गाडी एका वस्तीकडं वळली. म्हणजे मीच वळवली आसंल. तहान लागली व्हती. एक म्हातारी हाय इथं. लय मायाळू. भाकर वाढली, ठेचा दिला."

"खाल्ली तुमी?"

"खाल्ली की. ऊन ऊन भाकर. गंमत बघ, चुलीत जाळच न्हाई... राखसुदिक थंड हाय. कवा भाजली काय म्हाईत." तो मंद हसला. "मला भागवत म्हणायलीय. म्हणलं, मावशे, मी भागवत न्हाई. ऐकंना."

फोनमधून साधनाला पाण्याचा आवाज आला. तांब्यातून बारीक धार धरावी तसा. मग तळवा ओल्या चाकावर फिरल्याचा.

"ती काय करायलीय?" साधनानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"चाक धुवायलीय. नको म्हणलं तरी..."

"धुवू देऊ नका! तिचा हात धरा! अवो, ऐकताव का, गाडीत बसा अन् निघा!"

"साधना, वरडू नको गं. म्हातारं माणूस हाय. आपण एवढं घासलं, निघालं का? अन् हिच्या हातानं बघ कसं भराभरा निघायलंय... करंगळी न्हाई बिचारीला..."

त्यानंतर धार थांबली. फोनमधून कुणीतरी, अगदी जवळून, लांब श्वास सोडला. लय दिवसांचं ओझं खाली ठेवल्यावर सोडावा तसा. आणि फोन बंद झाला.

साधनानं किती वेळा नंबर फिरवला याला गणती नाही. लक्ष्मीबाईंनी शेजारच्या दुकानदाराकडून आप्पारावांना फोन लावून बघितला. ते म्हणाले, ड्रायव्हर कधीच निघाला, आणि वाटेत वस्ती कसली, तिथं सगळी पडीक रानं आहेत, पूर्वी मेंढरांचे वाडे होते ते उठून गेले. साधना दारात बसून राहिली. आईला दोष देत आलेली पोर, आज तिला आईची कीव आली. आईचा निदान हात राहून गेला होता. हिनं तर आपल्या हातानं, बेतून, दाबून...

तिन्हीसांजेला गाडीचा आवाज आला.

ती धावत सुटली. तीच पांढरी गाडी, तोच पोचा, तोच चिकटपट्टीचा आरसा, आणि आत प्रीतम, धडधाकट. तिला रडू फुटलं. अंगणात, आत्यादेखत, तिनं त्याचा हात घट्ट धरला. त्याला हसू आलं. "काय झालं? फोनची बॅटरी गेली एवढंच. जरा डोळा लागला तिथं बाजंवर."

डाव्या चाकाकडं तिनं बघितलं. चाक नव्यासारखं लखलखत होतं. हळदीचा कण नाही, कुंकवाचं बोट नाही, तिचा हात नाही, तो हातही नाही. तांब्या तिच्या हातात तयार होता. धुवायला काही उरलंच नव्हतं.

"बघ, निघाला का न्हाई डाग," प्रीतम म्हणाला.

"तुमी आलाव ना, मला कायबी नको," ती म्हणाली, आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

लक्ष्मीबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या गाडीकडं बघत होत्या. साधनानंही बघितलं. गाडी त्यानं रस्त्याकडं तोंड करून लावली होती.

"प्रीतम," लक्ष्मीबाईंनी हाक मारली. तो चपला काढत होता. "ए प्रीतम!" त्यानं मान वर केली नाही. साधनानं दंडाला हात लावला तेव्हा कुठं त्यानं बघितलं. "मला म्हणायल्या का?"

थकलाय, साधना स्वतःला म्हणाली. तिनं मोरीत पाणी काढून दिलं. त्यानं शर्ट काढून तिच्या हातात दिला. दिवसभराच्या प्रवासाचा शर्ट, पण पाठीवर स्वच्छ, घामाचाही डाग नाही. मग तो पाणी घ्यायला वाकला.

त्याच्या उघड्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, हळदीचा हात होता. तळवा, अंगठा, तीन बोटं.

शर्टाच्या आत, कातडीवर. ओला. मोरीभर त्याचा वास सुटला होता.

चाक परत आलं म्हणून म्हातारीनं ते धुतलं होतं. मग प्रीतम निघाला. आणि निघणाऱ्याला आपल्याकडची बाई कधी हळदीबिगर जाऊ देते का?

तिनं साबण घेतला आणि घासायला लागली. पाठीवरचा हात लालभडक झाला, फेस लाल होऊन त्याच्या कमरेवरून ओघळला. तिनं पाणी ओतलं. लाल वाहून गेलं, पिवळं राहिलं. तिनं पुन्हा घासलं. पुन्हा. लक्ष्मीबाईंनी दारातून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

मग साधना स्वयंपाकघरात धावली, वाटीतली सकाळची उरलेली हळद घेऊन आली, तळवा बुडवला आणि त्याच्या पाठीवर उजव्या बाजूला जीव खाऊन दाबला. माझापण हात असू द्या. माझं दार हाय हे. तिनं तळवा काढला. हळद त्याच्या पाठीवर क्षणभर राहिली, मग कोरड्या धुळीसारखी सुटली आणि मोरीच्या पाण्यात गेली. पाठीवर काहीच उमटलं नव्हतं. तिनं परत दाबला. परत सुटली.

"गुदगुल्या व्हायल्यात," तो हसत म्हणाला. त्यानं वळून तिच्याकडं बघितलं. नजर प्रेमळ होती, परक्या घरी पाहुणचार चांगला झाला की माणूस बघतो तशी.

"सकाळी लवकर उठवा मला," तो म्हणाला. "घरी जायचंय."